घरच्या बारसाठी बिअरच्या जुन्या वस्तू जमवायच्यात, सुरुवात कुठून करू?

कोस्टरपासून, म्हणजे ग्लासाखाली ठेवायच्या चकत्यांपासून करा. स्वस्त असतात, जागा खात नाहीत आणि चुकून एखादा भिकार निघाला तरी जीव जळत नाही. लाकडाच्या लगद्याच्या कोस्टरचं पेटंट १८९२ चं, जर्मनीतलं, आणि गंमत म्हणजे बाटलीच्या क्राउन बुचाचं (कडेला दाते असलेलं पत्र्याचं बूच) पेटंटही त्याच वर्षीचं, पण अमेरिकेतलं. बूच हातात आलं की उलटं करून बघा, आत कॉर्कची चकती असेल तर माल बहुतेक जुना, प्लास्टिकचं अस्तर असेल तर नंतरचा.

कॅन घेणार असाल तर वरचं झाकण बघायचं. बिअरचा कॅन विक्रीला आला १९३५ मध्ये, क्रूगर या अमेरिकन बिअर कंपनीचा, तेव्हा तो ओपनरने भोक पाडूनच उघडायला लागायचा, ओढून काढायची रिंग आली थेट साठच्या दशकात, म्हणजे रिंगवाला कॅन कुणी 'चाळीसच्या दशकातला आहे' म्हणून गळ्यात मारत असेल तर सरळ हात जोडा.

खरी फसवणूक होते ती पत्र्याच्या पाट्यांत. जुन्या इनॅमल पाटीवर (पत्र्यावर काचेसारखा रंग भाजून बसवलेली) बोट फिरवलं की रंगांचे थर हाताला लागतात, आणि कपचा उडालाय तिथे खाली काळपट लोखंड दिसतं. नकली पाटी गुळगुळीत, छापलेली, आणि गंज कसा, चारही भोकांभोवती अगदी मापात! (गंज इतका शिस्तीचा नसतो हो.)

आणि घासून चकचकीत करायच्या भानगडीत पडू नका, मी एक ट्रे स्क्रबरने घासला, अर्धं चित्रच गेलं. कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसायची, बास. कोस्टर-लेबलं उन्हात लावू नका, लाल रंग आधी उडतो.