फिलिबस्टर: गुऱ्हाळ, सत्याग्रह की कोंडी?

प्रश्न असा आहे: अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, चर्चा लांबवून विधेयक मतदानापर्यंत पोहोचू न देण्याचा जो डाव असतो, त्या ‘फिलिबस्टर’ला मराठीत काय म्हणावे? विचारणाऱ्यांना वाचनात तीन पर्याय सापडले: ‘चर्चेचे गुऱ्हाळ’, ‘वेळकाढूपणा’ आणि सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांच्या १९५७ सालच्या भाषणाबद्दल वापरलेला ‘भाषण-सत्याग्रह’. यांतला कोणता घ्यावा, आणि फिलिबस्टर मोडून काढण्यासाठी चर्चेला मर्यादा घालणाऱ्या ‘क्लोचर’ला काय म्हणावे?

माझ्या मते तिन्ही नकोत, आणि तिसरा तर मुळीच नको. कारणे पाहायची तर आधी शब्दाचे घराणे पाहावे लागते.

मूळ शब्द डच, ‘फ्रेइबाउटर’. त्यात ‘फ्रेइ’ म्हणजे मुक्त आणि ‘बाउट’ म्हणजे लूट. कुणाचाही हुकूम नसताना स्वतःच्या जिवावर लूटमार करणारा तो फ्रेइबाउटर. त्याचे फ्रेंचमध्ये ‘फ्लिबुस्तिए’ आणि स्पॅनिशमध्ये ‘फिलिबुस्तेरो’ झाले, आणि तिथून एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ‘फिलिबस्टर’ अमेरिकेत रुजला. तेव्हा त्याचा संसदेशी काही संबंध नव्हता. क्युबा, मेक्सिको, मध्य अमेरिका इथे खासगी फौज घेऊन घुसणाऱ्या अमेरिकी साहसवीरांना फिलिबस्टर म्हणत. त्यांतला सर्वांत गाजलेला विल्यम वॉकर. १८५३ मध्ये त्याने मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियात असला उद्योग केला, १८५५ मध्ये तो निकाराग्वात उतरला, १८५६ मध्ये तिथला राष्ट्राध्यक्ष होऊन बसला आणि १८५७ मध्ये हाकलला गेला. १२ सप्टेंबर १८६० रोजी होंडुरासमधल्या त्रुहियो इथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या.

म्हणून १८५० च्या दशकावरचा मजकूर अनुवादित करताना ‘फिलिबस्टर’ दिसला की सभागृह डोळ्यांपुढे आणू नये. तिथे मराठीत ‘पुंड’ आणि ‘पुंडाई’ हे जुने शब्द चपखल बसतात. ‘मुलूखगिरी’ लिहिण्याचा मोह होतो, पण मुलूखगिरीमागे राज्यसत्ता असते. वॉकरच्या स्वाऱ्या तर अमेरिकेच्या स्वतःच्या तटस्थता कायद्याविरुद्ध होत्या. त्याबद्दल त्याच्यावर सॅन फ्रान्सिस्कोत खटलाही चालला होता. ज्यूरीने आठ मिनिटांत त्याला सोडून दिले, हा भाग वेगळा. त्याच दशकात अमेरिकी संसदेचे, म्हणजे काँग्रेसचे, सदस्य नियमांच्या आडोशाने कामकाज पळवून नेणाऱ्या प्रतिपक्षाला चिडून ‘फिलिबस्टर’ म्हणू लागले. म्हणजे संसदीय अर्थ जन्माला आला तो शिवी म्हणूनच.

आता यंत्रणा पाहू, कारण शब्दाची निवड तिच्यावरच ठरते. सिनेटच्या नियमांत १८०६ पर्यंत चर्चा थांबवून मत घ्या असे साध्या बहुमताने ठरवण्याचा एक मार्ग होता. फारसा वापरात नाही म्हणून तो त्या वर्षी गळला. परिणाम असा की एखादा सदस्य उभा राहून बोलू लागला तर त्याला बहुमताने खाली बसवण्याची सोयच उरली नाही. पुढे १९१७ मध्ये व्यापारी जहाजांवर तोफा बसवण्याचे विधेयक मूठभर सिनेटरांनी रोखून धरले, राष्ट्राध्यक्ष विल्सन संतापले आणि ८ मार्च १९१७ रोजी सिनेटने २२ वा नियम बदलला. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांश सदस्य ‘पुरे’ म्हणाले तर चर्चेला मर्यादा पडेल, असे ठरले. हेच क्लोचर. १९७५ पासून हे प्रमाण एकूण सदस्यसंख्येच्या तीन-पंचमांश, म्हणजे १०० पैकी ६० आहे. सिनेटचे नियमच बदलायचे असतील तेव्हा मात्र आजही जुने दोन-तृतीयांशच लागतात.

इथे मराठी बातम्यांत नेहमी होणारी एक चूक सांगायलाच हवी. ‘विधेयक मंजूर होण्यासाठी ६० मते लागतात’ हे वाक्य चुकीचे आहे. विधेयक साध्या बहुमतानेच मंजूर होते. ६० मते लागतात ती चर्चा संपवून मतदानापर्यंत पोहोचायला. ‘विधेयक मतदानाला आणण्यासाठी ६० मते लागतात’ असे लिहिले की वाक्य सरळ होते.

या पार्श्वभूमीवर पहिले दोन पर्याय तपासू. ‘गुऱ्हाळ’ हा फार गोड शब्द आहे, पण त्यात हेतू नाही. चर्चेचे गुऱ्हाळ सगळे मिळून लावतात, आणि ते लांबते ते कुणालाच आवरते घेता येत नाही म्हणून. फिलिबस्टरमध्ये एक बाजू ठरवून लांबवते आणि दुसरी संपवायला धडपडते. ‘वेळकाढूपणा’त हेतू आहे, पण तो टाळाटाळीचा. फाइल टेबलावर ठेवून देणारा कारकूनही वेळकाढूपणाच करतो. शिवाय वेळकाढूपणा करणारा आजचे काम उद्यावर टाकतो. फिलिबस्टर करणाऱ्याला ते काम कधीच व्हायला नको असते. आपल्याकडे विधिमंडळात घोषणा देऊन, कागद भिरकावून कामकाज बंद पाडतात, तेही फिलिबस्टर नव्हे. ते नियम मोडून होते, आणि हे नियम पाळून. किंबहुना नियम काटेकोर पाळण्यावरच ते उभे असते. बोलणाऱ्याने उभेच राहायचे, सभागृह सोडायचे नाही. प्रश्न विचारण्यापुरती दुसऱ्याला वाट दिली तर चालते, पण खाली बसला की बोलण्याचा हक्क गेला. एका विषयावर एकाच ‘वैधानिक दिवसा’त दोनदाच बोलता येते. या शेवटच्या शब्दाचा अनुवाद ‘कामकाजाचा दिवस’ असा करू नये. सिनेट रात्री उठताना ‘अॅडजर्न’ (बैठक संपवणे) न होता नुसता ‘रिसेस’ (तात्पुरती सुट्टी) घेते, तेव्हा कॅलेंडरवर आठवडे उलटले तरी वैधानिक दिवस तोच चालू राहतो. बहुमतवाले हे मुद्दाम करतात, म्हणजे बोलणाऱ्यांच्या दोन-दोन पाळ्या लवकर संपाव्यात.

‘फ्लोअर’चाही असाच घोळ होतो. ‘त्यांनी मजला सोडला नाही’ असले वाक्य छापून आले की वाचकाला इमारत दिसते. ‘बोलण्याचा हक्क सोडला नाही’ इतके पुरते.

आता ‘भाषण-सत्याग्रह’. साउथ कॅरोलायनाचे थर्मंड २८ ऑगस्ट १९५७ च्या रात्री ८ वाजून ५४ मिनिटांनी बोलायला उभे राहिले आणि दुसऱ्या रात्री ९ वाजून १२ मिनिटांनी थांबले: २४ तास १८ मिनिटे. मध्येच उठावे लागू नये म्हणून त्यांनी आधी वाफेच्या खोलीत बसून अंगातले पाणी कमी करून घेतले होते. राज्यांचे निवडणूक कायदे, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, वॉशिंग्टन यांचे निरोपाचे भाषण असे काय काय त्यांनी वाचले. शरीराला कष्ट, एकट्याचा निर्धार, शस्त्र नाही, हे सगळे पाहून अनुवादकाला सत्याग्रह आठवला असावा. पण हे सारे कशासाठी होते? कृष्णवर्णीयांच्या मतदानाच्या हक्काला केंद्र सरकारचे संरक्षण देणारे विधेयक पडावे यासाठी. ज्यांच्या हातात सत्ता होती तेच ती वाटून घ्यायला नकार देत होते. सत्याग्रहात अन्याय सोसणारा माणूस कायदा उघडपणे मोडतो आणि त्याची शिक्षा स्वतः भोगतो. इथे ना कायदा मोडला होता, ना शिक्षा होती.

त्यात भर म्हणजे सत्याग्रह हा शब्द अमेरिकेच्या त्या इतिहासात खऱ्या अर्थाने हजर आहे, आणि त्याचा एक धागा नागपुरातून जातो. जेम्स लॉसन हे मेथडिस्ट तरुण १९५३ ते १९५६ या काळात नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात होते. गांधीजींच्या मार्गाचा अभ्यास त्यांनी तिथे केला. परतल्यावर त्यांनी नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांना अहिंसक प्रतिकाराचे धडे दिले: शिव्या दिल्या, थुंकले, मारले तरी हात उचलायचा नाही, जागा सोडायची नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये हेच विद्यार्थी फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहारगृहांच्या काउंटरवर जाऊन बसले आणि तुरुंगातही गेले. त्याच महिन्याच्या अखेरीस सिनेटमध्ये दक्षिणेकडील सदस्यांनी नव्या नागरी हक्क विधेयकाविरुद्ध रात्रंदिवस बोलणे सुरू केले. बहुमतवाल्यांना झोपायला खाटा आणाव्या लागल्या. नॅशव्हिलमध्ये बसलेल्यांसाठी ‘सत्याग्रह’ वापरायचा आणि त्यांच्या हक्कांविरुद्ध वॉशिंग्टनमध्ये बोलत उभे राहिलेल्यांसाठीही तोच, हे मराठीला शोभणार नाही.

खाटांचे कारणही समजून घेण्यासारखे आहे, कारण ‘बोलून बोलून थकवणे’ असा अनुवाद करताना नेमके कोण थकते हे उलटे लिहिले जाते. बोलणाऱ्या गटाला एका वेळी एक वक्ता आणि एखादा साथीदार पुरतो. तो मध्यरात्री ‘गणपूर्ती नाही’ अशी हरकत घेतो. मग ५१ जण हजर करण्याची जबाबदारी कामकाज चालवू पाहणाऱ्यांवर येते. झोपमोड होते ती बहुमताची. म्हणूनच १९६४ मध्ये बहुमताचे नेते माइक मॅन्सफील्ड यांनी रात्रभराच्या बैठकींना नकार दिला.

१९६४ चा प्रसंग या शब्दासाठी सर्वांत महत्त्वाचा. नागरी हक्क विधेयक अडवायला उभे होते दक्षिणेचे १८ डेमोक्रॅट, सोबत टेक्ससचे एक रिपब्लिकन, आणि म्होरके जॉर्जियाचे रिचर्ड रसेल. त्यांनी आपल्या लोकांच्या सहा-सहांच्या तीन तुकड्या केल्या. एक बोलणार, बाकीच्या विश्रांती घेणार. असे कामकाजाचे सुमारे ६० दिवस गेले. दुसऱ्या बाजूला विधेयकाचे समर्थक सिनेटर ह्यूबर्ट हम्फ्री मते जमवत होते, आणि रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्याशिवाय आकडा जमणार नव्हता. १० जूनला सकाळी विधेयकाला विरोध करणारे रॉबर्ट बर्ड यांचे १४ तास १३ मिनिटांचे भाषण संपले आणि मतदान झाले. कॅलिफोर्नियाचे क्लेअर एंगल यांना मेंदूत गाठ झाल्यामुळे बोलता येत नव्हते. त्यांना चाकाच्या खुर्चीतून आणले होते. नाव पुकारल्यावर त्यांनी कसाबसा हात उचलून डोळ्याकडे नेला. इंग्रजीत ‘आय’ म्हणजे डोळाही आणि होकारही. मराठीत हे करता येत नाही, अनुवादकाने ते उलगडूनच सांगावे. ७१ विरुद्ध २९. नागरी हक्कांच्या विधेयकावर क्लोचर यशस्वी होण्याची ही पहिली वेळ. विधेयक मंजूर झाले ते नंतर, १९ जूनला, ७३ विरुद्ध २७ मतांनी. क्लोचर आणि मंजुरी या दोन वेगळ्या तारखा आहेत, त्या एक करू नयेत.

आता आणखी एक गोष्ट. थर्मंड यांचे विक्रमी भाषण अपयशी ठरले होते; ते थांबल्यावर थोड्याच वेळात विधेयक मंजूर झाले. उलट झुंडबळींविरुद्धचे डायर विधेयक जानेवारी १९२२ मध्ये प्रतिनिधीगृहाने मंजूर केले, आणि डिसेंबरमध्ये सिनेटमध्ये ते फिलिबस्टरने मेले. त्यात एकही भाषण विक्रमी नव्हते. १९३८ मध्ये तशाच विधेयकाची गत तीच झाली. झुंडबळींविरुद्धचा केंद्रीय कायदा व्हायला २०२२ उजाडावे लागले. आणि १९७० च्या दशकापासून तर बोलावेही लागत नाही. सिनेट एक विधेयक अडले की ते बाजूला ठेवून दुसरे काम घेते. ‘आम्ही अडवणार’ एवढा इशारा पुरतो. मग १६ सह्यांचा क्लोचर प्रस्ताव दाखल करायचा, मध्ये एक दिवस जाऊ द्यायचा, ६० मते मिळवायची, आणि त्यानंतरही जास्तीत जास्त ३० तास चर्चा असते.

तेव्हा शब्द भाषणावरून बेतण्यात अर्थ नाही. ‘खोडा घालणे’, ‘मोडता घालणे’ जवळचे आहेत, पण ते कुठल्याही अडथळ्याला लागू पडतात. मला ‘कोंडी’ पटतो. त्यात हेतू आहे, दोन बाजू आहेत, आणि क्रियापदे तयार आहेत: कोंडी करणे, कोंडी फोडणे, कोंडी फुटणे. फक्त ‘भाषणकोंडी’ म्हणू नये. ‘वाहतूक कोंडी’ म्हणजे वाहतुकीची कोंडी. तिथे अडते ती वाहतूक. त्याच चालीने भाषणकोंडी म्हणजे भाषणाची मुस्कटदाबी होईल, अर्थ पार उलटा. अडते ते विधेयक, म्हणून ‘विधेयककोंडी’. हा शब्द १९६४ लाही चालतो आणि आजच्या मुक्या फिलिबस्टरलाही. मजकुरात पहिल्यांदा ‘फिलिबस्टर’ लिहून एका वाक्यात उलगडावे, पुढे ‘विधेयककोंडी’ किंवा नुसते ‘कोंडी’ वापरावे. अडवलेली गोष्ट नियुक्ती असेल तर ‘नियुक्तीची कोंडी’. अर्थात २०१३ आणि २०१७ च्या बदलांनंतर नियुक्त्यांना साधे बहुमत पुरते.

क्लोचरला ‘चर्चाबंदी’ नको. त्यात बोलायलाच मनाई असल्याचा वास येतो. ‘चर्चासमाप्ती प्रस्ताव’ नेमका आहे. ‘कोंडी फोडण्याचा प्रस्ताव’ बातमीच्या मथळ्यात शोभेल.

आणि एक ताजे उदाहरण. ३१ मार्च २०२५ ला न्यू जर्सीचे कोरी बुकर उभे राहिले ते दुसऱ्या दिवशीपर्यंत, २५ तास ५ मिनिटे बोलले. थर्मंड यांचा विक्रम एका कृष्णवर्णीय सिनेटरने मोडला. पण त्यांना कुठलेही विधेयक किंवा नियुक्ती अडवायची नव्हती. ते सरकारच्या धोरणांविरुद्ध निषेध नोंदवत होते. म्हणून त्याला फिलिबस्टर म्हणू नये, विधेयककोंडीही म्हणू नये. ‘विक्रमी निषेध-भाषण’ म्हणावे.