पहिला तास वर्गाबाहेर घ्या

अर्गोनॉमिक्स, म्हणजे माणसाच्या शरीराला सोयीच्या वस्तू घडवायचं शास्त्र, नव्यानं शिकवताय, तर तक्त्यांपासून सुरुवात करू नका. मुलांना कॉटन मार्केटला न्या. हातगाडीवाल्याची परवानगी घेऊन दांड्याची उंची, त्याच्या कोपराची उंची, वळणावर मनगट किती मुडपतं, हे टेपनं मोजू द्या. मग एनआयडीनं (अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था) १९९७ साली काढलेली भारतीय शरीरमापं उघडा. ‘सरासरी माणूस’ तिथंच बाद करा: हात पोचायला ५वा शतमक (शंभरातल्या पाच जणांचं माप ज्याच्या खाली येतं तो आकडा), गुडघे मावायला ९५वा. हे पक्कं बसल्याशिवाय पुढं सरकूच नका, बाकी सगळं यावर उभं आहे.

वापर-अनुभव, म्हणजे वस्तू वापरताना माणसाला काय सोपं-अवघड जातं, ते शिकवायला घरच्या आजीला मोबाइलवर मेट्रोचं तिकीट काढायला सांगायचं. मुलांनी मधे बोलायचं नाही. बोट कुठं अडखळतं तेवढं टिपायचं. गप्प बसणं त्यांना सगळ्यात जड जातं, त्याचाच सराव जास्त घ्या.