ठेव खाते बंद करावे का? माहितीपत्रके आणि जुन्या स्मारक तिकिटांविषयी

आपण लिहिले आहे की मुलीला इतिहासाची गोडी लागावी म्हणून टपाल खात्यात फिलाटेलीचे (तिकीटसंग्रहाचे) ठेव खाते उघडले, म्हणजे आगाऊ पैसे भरून नवी तिकिटे मिळवण्याची सोय घेतली, स्मारक तिकिटे अधूनमधून येतात, पण सोबतचे माहितीपत्रक कधीच येत नाही आणि विचारल्यावर ‘स्टॉक संपला’ एवढेच ऐकायला मिळते. तर खाते बंद करावे का? याच जाचातून मी गेलो असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. तिकिटे उचलायचा चिमटा, ती ठेवायची वही म्हणजे स्टॉकबुक वगैरे गोष्टी आपल्याला ठाऊक असतील असे धरून चालतो.

माझे खाते ज्या कार्यालयात होते त्याचे नाव घेत नाही. तिथे प्रत्येक नव्या तिकिटाचे पैसे वेळच्या वेळी वजा होत, पाकिटात मात्र नुसती तिकिटे निघत. तक्रार केली तर ‘तिकिटं मिळाली ना? मग कागद कशाला हवा?’ असा उलट प्रश्न येई. खातेउतारा मागितला तर वरिष्ठ कार्यालयाकडे बोट दाखवले जाई आणि वरिष्ठ कार्यालय माझा अर्ज पुन्हा त्याच खिडकीकडे धाडून देई. पैशांचे नुकसान किरकोळ होते. पण त्या ‘कागदा’वर छपाईची संख्या, मुद्रणालय, छपाईची पद्धत आणि संबंधित व्यक्तीवरचे किंवा प्रसंगावरचे टिपण असते, म्हणजे इतिहासासाठी तिकिटे जमवणाऱ्याचा अर्धा ऐवज तोच. कित्येक वर्षांची ती माहितीपत्रके मला पुढे विक्रेत्यांकडून, त्यांच्या मनाला येईल त्या भावाने, घ्यावी लागली आणि काही आजही मिळालेली नाहीत. सगळीकडे असेच चालते असे मात्र मी म्हणणार नाही. दुसऱ्या एका शहरातील फिलाटेली ब्युरोत, म्हणजे संग्राहकांसाठीच्या टपाल कार्यालयात, अतिशय तत्पर माणसे भेटली.

माझे मत असे, आणि ते सर्वांना पटेलच असे नाही, की खाते चालू ठेवावे, पण संग्रहाचा भर जुन्या, शिक्का बसलेल्या तिकिटांवर ठेवावा. त्यांतली बरीचशी आजही स्वस्त आहेत. तिकिटावर कोण आहे, याबरोबरच ते त्याच वर्षी का निघाले, हेही मुलीला विचारायला शिकवावे. १९५८ साली धोंडो केशव कर्वे यांच्या शंभराव्या वाढदिवशी तिकीट निघाले तेव्हा अण्णासाहेब हयात होते. जिवंतपणी असा मान मिळालेले ते पहिले भारतीय. त्याच तिकिटावर किंमत पंधरा नये पैसे अशी आहे, आणि ‘नये’ का, असे मुलीने विचारले की १ एप्रिल १९५७ च्या दशमान नाण्यांची (रुपयाचे सोळा आण्यांऐवजी शंभर पैसे झाले त्याची) गोष्ट आपोआप निघते. गांधीजींची १५ ऑगस्ट १९४८ ची चार तिकिटे तर स्वदेशीचा पुरस्कार करणाऱ्या माणसाची असूनही स्वित्झर्लंडमध्ये छापली गेली. नाशिक रोडच्या मुद्रणालयातून फोटोग्राव्ह्युर (छायाचित्रावरून कोरलेल्या साच्याने छपाई) पद्धतीने छापलेली तिकिटे निघू लागली ती १९५२ च्या संत-कवींच्या मालिकेपासून. (गांधीजींच्या त्या चारांतले दहा रुपयांचे तिकीट महाग आहे आणि त्याच्या नकला बाजारात आहेत, जाणकाराच्या प्रमाणपत्राशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नये.)

आणखी एक सुचवतो. रमाबाई रानडे यांचे १९६२ चे, महात्मा फुले यांचे १९७७ चे आणि सावित्रीबाईंचे १९९८ चे तिकीट एकाच पानावर लावावे. पुण्यात मुलींची शाळा १८४८ साली सुरू झाली, आणि ती चालवणाऱ्या बाईला तिकिटावर यायला नवऱ्यानंतरही एकवीस वर्षे थांबावे लागले. कोणत्या काळात सरकारला कोण आठवले, याचा हा दाखला मला कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचा वाटतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. नियम बदलत असतात, त्यामुळे खात्री करून घ्यावी. पण माझ्या वेळच्या अर्जात तिकिटे, प्रथम दिवस आवरण (तिकीट निघाल्याच्या दिवशीचा शिक्का असलेले पाकीट) आणि माहितीपत्रक यांची संख्या वेगवेगळी भरावी लागे, आणि माहितीपत्रकाचा रकाना रिकामा राहिला तर ते पाठवले जात नसे. आपला अर्ज आधी तपासावा. रकाना भरलेला असेल तर आतापर्यंत न आलेल्या माहितीपत्रकांची तिकिटवार यादी लेखी द्यावी, तिच्या प्रतीवर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्यावी आणि त्याच अर्जात खातेउताराही मागावा. खिडकीवर तोंडी बोलून काहीही होत नाही.