‘पीव्हीडी’ म्हणजे ‘पडदा सुटणे’ का?

प्रश्न असा आहे: मधुमेही रुग्णाच्या नेत्रतपासणी अहवालात ‘इन्कम्प्लीट पीव्हीडी विथ ट्रॅक्शन’ असं लिहिलंय. त्याचं मराठी ‘पडदा अर्धवट सुटला’ असं करता येईल का?

नाही. पीव्हीडीमध्ये (पोस्टिरियर व्हिट्रियस डिटॅचमेंट) सुटतं ते डोळ्यातलं जेल, म्हणजे व्हिट्रियस. पडदा (रेटिना) जागेवरच असतो. ‘सुटणे’ हे क्रियापद दोन्हीकडे येतं, म्हणून कर्ता सांगितल्याशिवाय ते वापरूच नये. मी असं लिहीन: ‘जेल पडद्यापासून अर्धवट सुटलं आहे आणि जिथे चिकटून राहिलंय तिथे पडद्याला ओढ बसते आहे.’ ट्रॅक्शनसाठी ‘ताण’ नको. तो शब्द वाचून लोकांना डोळ्यातला दाब आठवतो. ‘ओढ’ नेमका आहे.

पाठ्यपुस्तकांत व्हिट्रियसला ‘काचाभ द्रव’ म्हणतात. त्यातला ‘काचाभ’ ऐकताना काचबिंदूशी गल्लत होते आणि ‘द्रव’ तर चुकीचंच चित्र उभं करतो. भिंगामागची सुमारे ४ मिलिलिटरची जागा भरणारा हा पदार्थ ९८-९९ टक्के पाणीच असतो, पण कोलॅजेनचे तंतू आणि हायलुरॉनिक आम्ल त्याला धरून ठेवतात, त्यामुळे तो वाहत नाही. वयोमानाने तो पातळ होतो, आक्रसतो आणि मागे पडद्यापासून सुटतो. हीच पीव्हीडी. बहुतेकांना तेव्हा तरंगते ठिपके दिसतात, इतकंच. मात्र सुटताना कधी पडदा फाटतो. म्हणून ठिपके अचानक वाढले किंवा विजेसारखे झोत दिसू लागले, तर बाहुली मोठी करून पडदा लगेच तपासून घ्यावा लागतो.

मधुमेहात ‘अपूर्ण’ या शब्दाला फार वजन आहे. वाढलेल्या साखरेमुळे कोलॅजेनच्या तंतूंमध्ये जादा बंध तयार होतात. जेल लवकर पातळ होतं, पण पडद्याला धरून राहतं. रेटिनोपॅथी (मधुमेहाने पडद्याला होणारी इजा) वाढलेली असेल तर पडद्यावर उगवलेल्या नव्या, नाजूक रक्तवाहिन्या वेल मांडवावर चढावा तशा जेलच्या मागच्या पृष्ठभागावर पसरतात. मग जेल आक्रसलं की त्या ओढल्या जाऊन फुटतात आणि जेलमध्ये रक्त उतरतं. त्यांच्याभोवती तंतुमय पापुद्रे तयार झाले असतील तर पडदाच उचलला जातो. त्याला ‘ट्रॅक्शनल रेटिनल डिटॅचमेंट’ म्हणतात, आणि ‘पडदा ओढला जाऊन सुटला’ हे मराठी इथे बरोबर आहे. उलट, जेल आधीच पूर्ण सुटलेलं असेल तर या वाहिन्यांना चढायला आधारच उरत नाही. म्हणून मधुमेही डोळ्याच्या अहवालातलं ‘कम्प्लीट पीव्हीडी’ वाचून घाबरू नये. या बाबतीत ते बरंच आहे.

उपचारही यावरूनच ठरतात. अँटी-व्हेजएफ (नव्या वाहिन्यांची वाढ रोखणारं) इंजेक्शन जेलमध्येच देतात, साधारण ०.०५ मिलिलिटर. त्याने नव्या वाहिन्या सुकतात, पण तंतुमय पापुद्रे आक्रसतात. आधीच ओढ असलेल्या डोळ्यात ती काही दिवसांत ते काही आठवड्यांत वाढू शकते. म्हणून अशा डोळ्यात इंजेक्शन बहुधा ऑपरेशनची तारीख ठरवून, त्याच्या काही दिवस आधी देतात. मॅक्युलाची, म्हणजे पडद्याच्या बारीक नजरेच्या मध्यभागाची, सूज ओढीमुळे असेल (ओसीटी या पडद्याच्या थरांच्या स्कॅनमध्ये हे दिसतं), तर नुसत्या इंजेक्शनांचा उपयोग मर्यादित राहतो.

ऑपरेशन म्हणजे व्हिट्रेक्टॉमी. डोळा मोठा न उघडता, बारीक छिद्रातून ती रॉबर्ट माखेमर यांनी १९७० मध्ये प्रथम केली. आता बुबुळाच्या कडेपासून ३.५ ते ४ मिलिमीटरवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची तीन छिद्रं पाडून जेल कापून काढतात. तिला सरसकट ‘पडद्याचं ऑपरेशन’ म्हणतात, ते रूढ आहे आणि राहू द्यावं. पण खरं कौशल्य जेलचा मागचा थर पडद्यापासून सोडवण्यात असतं. मधुमेहात हा थर अनेकदा दुभंगतो: वरचा भाग निघाला की सगळं सुटल्यासारखं वाटतं, खालचा पडद्यावरच राहतो आणि त्यावर पापुद्रे पुन्हा वाढतात.

भाषांतर करताना अहवालातला ‘मॅक्युला’ हा शब्द गाळू नका. ओढ मॅक्युलापासून लांब असेल तर पुष्कळदा नुसतं लक्ष ठेवतात. तिथवर पोचली किंवा पोचायच्या बेतात असेल तर ऑपरेशन लांबवत नाहीत.