पदराची झोळी म्हणजे पाळणा का?

एका ताईंचा प्रश्न आला आहे. बाळाला झोपवताना त्या 'निंबोणीच्या झाडामागे' म्हणत होत्या. लहानपणापासून आवडतं, पाठ असलेलं गाणं. पुढची कडवी मुद्दाम शोधून वाचली आणि त्यांना रडूच आलं. त्या विचारतात, 'केली पदराची झोळी' म्हणजे पदराचा पाळणा केला, असंच ना? आणि निंबोणी म्हणजे कडुनिंब का?

झोळीचा पाळणा हा अर्थ अगदी खरा आहे. माझ्या आजोळी माजघरातल्या तुळईला दोर टाकून जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असायची. कापड मिटून बाळ गुदमरू नये म्हणून दोन्ही दोरांच्या मधे एक काठी आडवी अडकवायची. ऊसतोडीला गेलेल्या बायका आजही फडाच्या कडेच्या झाडाला अशीच झोळी बांधतात. त्यामुळे अंगाईत झोळी आली की आपल्या मनात पाळणाच हलतो. मीसुद्धा कित्येक वर्षं तसंच ऐकत होते.

पण ओळ पूर्ण वाचा: 'तुझे दुःख घेण्यासाठी केली पदराची झोळी'. इथे झोळी आहे ती काही घेण्यासाठी, म्हणजे गोसाव्याच्या खांद्यावरची, भिक्षेची. शेजारी 'पदर' आहे म्हणून 'पदर पसरणे' हा वाक्प्रचारही ऐकू येतो. ही बाई देवापुढे पदर पसरून भीक मागते आहे आणि मागते काय, तर बाळाच्या वाट्याचं दुःख.

मला इथे फार मोलाचा वाटतो तो न आलेला शब्द. या जागी सहज येईल असा शब्द 'ओटी' होता. ओटी मानाने भरतात, खण-नारळ-तांदळांनी. दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून स्वीकारलं, तरी 'मूल ओटीत घातलं' असंच आपण म्हणतो. आणि आदल्याच ओळीत ती सांगते, 'देवकी नसे मी बाळा'. म्हणजे तिने जन्म दिलेला नाही. तरीही ओटी नाही, झोळी. 'भाळी'ला यमक हवं होतं हे खरं, पण यमकासाठी आलेला शब्द इतका नेमका बसावा यातच कवीचा हात दिसतो. ओटीवर हक्क सांगता येतो, झोळीवर नाही.

त्याच ओळीतलं 'भाग्य यशोदेचे भाळी' हेही जरा थांबून ऐकण्यासारखं आहे. लहानपणी 'भाग्य' म्हणजे चांगलंच काहीतरी वाटायचं. पण यशोदेच्या कपाळी काय लिहिलं होतं? कृष्णाला वाढवायचं आणि एके दिवशी मथुरेला जाऊ द्यायचं. शेवटच्या कडव्यात तेच होतं: हाती उरते ती 'रित्या पाळण्याची दोरी'. माझ्या कानाला 'रिकामा' आणि 'रिता' सारखे वाटत नाहीत. रिकामी खुर्ची असते, रिकामा वेळ असतो. रिता म्हटलं की आधी भरलेलं काहीतरी ओतून गेल्यासारखं वाटतं.

हे गाणं १९७७ च्या 'बाळा गाऊ कशी अंगाई' या चित्रपटातलं. शब्द मधुसूदन कालेलकरांचे, संगीत एन. दत्ता यांचं, आवाज सुमन कल्याणपूरांचा. चित्रपटाच्या नावातच 'कशी' आहे, तरी आपण ते गाणं बिनघोर अंगाई म्हणून घराघरांत म्हणत आलो. याचं कारण मला आईकडून कळलं. ती जाई-जुईच्या कडव्यापुढे कधी जायची नाही. परवा विचारलं, तर म्हणाली, "तोवर तू झोपलेली असायचीस गं."

ताई, तुम्हीही खुशाल तिथेच थांबा. पुढची कडवी मोठ्यांची आहेत, ती बाळ झोपल्यावर स्वतःसाठी म्हणा.

निंबोणीचं उत्तर सोपं आहे. आमच्याकडे निंबोणी किंवा लिंबोणी म्हणजे लिंबाचं झाड. कडुनिंबाची असते ती निंबोळी, आणि ते फळ. लिंबाचं झाड बुटकं, परसातलं. त्याच्यामागे चंद्र झोपायचा तर तो पार खाली उतरलेला हवा, म्हणजे रात्र बरीच झालेली आहे आणि बाळ अजून जागंच आहे.