आधी डावी लेन मोकळी कर

चि. पोरीस, अनेक आशीर्वाद.

परवा ड्यूटीवरनं तशीच घरी आलीस, चहापण घेतला नाहीस, आणि म्हणालीस काका, दिवसभर उजव्या लेनमधल्या ट्रकांना चलनं लावली, संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत आले तर सगळे परत उजवीकडंच, मग मी करतेय तरी काय. तुझ्या आईसमोर मी काही बोललो नाही. पण रात्री डोळा लागेना म्हणून लिहायला बसलो.

आधी डावी लेन मोकळी कर. मग ट्रकवाल्याला बोल.

तू म्हणशील काकांनी 26 वर्षं ट्रक चालवला, ते ट्रकवाल्याचीच बाजू घेणार. घेणारच. पण पुणे-बंगळूर हायवेची आनेवाडी टोलपासून कराडपर्यंत डावी लेन तू सरकारी जीपच्या काचेतनं बघितलीयस, 40 टनाच्या स्टेरिंगवरनं नाही. ढाब्यापुढं अर्धा रस्त्यावर लावलेला कंटेनर, कुणी हात केला की जागेवर थांबणारं वडाप, म्हणजे शीटं भरणारी खाजगी जीप, दुभाजकातल्या पुढच्या कटपर्यंत कोण जाणार म्हणून उलटा येणारा दुधाच्या किटल्यांचा मोटरसायकलवाला, आणि गाळप सुरू झालं की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, 20-25 च्या स्पीडनं, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर. भरलेली गाडी 80 वरनं 20 वर आणायची आणि परत एकेक गियर टाकत 80 ला न्यायची, हे दर किलोमीटरला कोण करणार? म्हणून तो उजवीकडं येतो आणि तिथंच राहतो. माज नसतो गं त्यात.

हिशोब घाल. 2018 ला केंद्रानं चौपदरी हायवेवर कारला 100 ची मर्यादा दिली, मालट्रकला 80 ची. आता 80 चा ट्रक 75 च्या ट्रकला ओव्हरटेक करतोय, दोन्हीची लांबी आणि मधलं अंतर धरून 60 मीटर जास्त कापायचेत, फरक तासाला फक्त 5 किलोमीटरचा, म्हणजे झाली 40-45 सेकंदं आणि गेला जवळजवळ एक किलोमीटर रस्ता. तेवढा वेळ मागचा कारवाला हॉर्न दाबून बसतो आणि मग डावीकडनं घुसतो. डावीकडं काय उभंय ते त्याला दिसत नाही. मला दिसायचं, मी उंचावर बसलेलो असायचो.

तेच सांगायचंय. 2009, उंब्रजच्या अलीकडं, रात्रीचे दोन. मागनं एक कार साईड मागायला हेडलाईटचा डिपर मारत होती, पाच-सहा वेळा मारला. मी साईड दिली नाही कारण डावीकडं पुढं पंक्चर झालेली उसाची ट्रॉली मला दिसली होती. चाकाला दगड लावलेले आणि मागं खूण म्हणून रस्त्यावर पाचटाचा ढीग, बास, एवढंच. तो डावीकडनं घुसला. दोघं होते गाडीत. पुढचं लिहीत नाही.

पंचनाम्यात माझ्या गाडीचा नंबरसुद्धा नाही. पण अर्धा किलोमीटर आधी डावीकडं मोकळी जागा होती, तिथं मी आत घेतली असती तर तो उजवीकडनं निघून गेला असता. नाही घेतली. परत पिकअप कोण घेणार म्हणून. आणि तरीही सांगतो, ती ट्रॉली तिथं नसती, किंवा तिच्या पाठीला वीतभर रिफ्लेक्टर पट्टी असती, तर माझ्या उजवीकडं असण्यानं कुणाचं काही गेलं नसतं. हे मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आलोय आणि ते खोटं नाही.

तुझे साहेब म्हणतात ना, दिवसा जड वाहनं बंद करा? करू दे, आणि मग बघ ते ट्रक कुठं उभे राहतात. त्याच डाव्या लेनच्या कडेला, रांग लावून. रात्री दहाला सोडले की सगळे एकदम सुटणार, ड्रायव्हर दिवसभर उन्हात केबिनमधे तळलेला, डोळे चुरचुरणारे. कायद्यात त्याला दिवसाला आठच तास काम आहे, 1961 पासून आहे, कुठं दिसलं तुला ते रस्त्यावर?

तू लहान आहेस पण हातात अधिकार आहे, तो नीट जागी वापर. हायवेवर एकेक ट्रॅक्टर अडवत बसू नकोस. शेंद्रे म्हण, भुईंज म्हण, सीझनला कारखान्याच्या यार्डात शेकडो ट्रॉल्या तासन्‌तास उभ्या असतात, तिथं जा, पट्टी नसेल तर तिथंच लावून घे, लावल्याशिवाय बाहेर सोडू नको. ढाब्यापुढचे कंटेनर हलव. वडापला थांबायला हायवे सोडून जागा दे, नुसतं हाकलून उपयोग नाही, परत येतात ते. डावी लेन मोकळी कर गं पोरी, किती वेळा लिहू.

घाटात मात्र कुणाचं ऐकू नकोस. पुण्याकडनं येताना खंबाटकी चढताना 15 च्या स्पीडनं दुसऱ्या ट्रकला ओव्हरटेक करणारा दिसला की तिथं बिनधास्त चलन लाव, माझ्या ओळखीचा असला तरी. तिथं डावीकडं ना ढाबा असतो ना वडाप, त्याला सांगायला कारण नाही. परतीला बोगद्यातनं बाहेर पडून आपल्या सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याकडं उतरतानाही तेच, तिथं तर एस वळण आहे, ट्रक खालच्या गियरमधे डावीकडनंच उतरला पाहिजे.

गाळप सुरू झालं की एका रात्री सुट्टी काढ. नागठाण्याच्या पुलाखाली गाडी लावू आणि वर कडेला उभं राहू, एक तास. डाव्या लेनमधनं काय काय जातं आणि काय काय उभं असतं ते तू वहीत लिही. थर्मासमधे चहा मी आणतो, त्या दिवशीचा राहिलाय.

तुझा काका