गिटमध्ये डिफ आधी हिस्टोग्रामवर टाक

अरे, तुझा कालचा डिफ, म्हणजे कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटने दाखवलेला जुन्या-नव्यातला फरक, पाहिला. तू फक्त एक नवं फंक्शन मध्ये घातलंस, पण गिट दाखवतंय की जुन्याच फंक्शनचं डोकं उडवून धड दुसऱ्याला जोडलंय. कोड ठीक आहे, दाखवण्याची तऱ्हा चुकतेय.

फरक शोधायचा गिटचा डीफॉल्ट अल्गोरिदम मायर्स, म्हणजे यूजीन मायर्स यांची 1986 ची पद्धत. कमीत कमी ओळी बदलून काम भागवायचं, एवढंच तिला कळतं. त्यामुळे नुसता बंद कंस किंवा रिकामी ओळसुद्धा ती जुळलेली धरते. आता इंदुरात कुणाला ‘पोह्यांच्या दुकानापाशी भेट’ सांगितलं तर भेट होईल का? ‘राजवाड्यासमोर’ म्हटलं तर होईल. पेशन्स हा दुसरा अल्गोरिदम असंच करतो: दोन्ही बाजूंना एकेकदाच आलेल्या ओळी खुणेला धरतो. हिस्टोग्राम त्याच्याही पुढचा, एकमेव ओळ नसेल तर क्वचित येणाऱ्या ओळींवर भागवतो.

तेव्हा ग्लोबल कॉन्फिगमध्ये, म्हणजे तुझ्या सगळ्या प्रोजेक्टांना लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये, ‘डिफ डॉट अल्गोरिदम’ला हिस्टोग्राम दे आणि मोकळा हो. मर्जची, म्हणजे दोन शाखा एकत्र करायची, ‘ऑर्ट’ पद्धत तरी मुळातच हिस्टोग्राम वापरते. मिनिमल या आणखी एका पर्यायाच्या नादी लागू नकोस. नाव गोंडस, पण मोठ्या फाइलवर वेळ खातो आणि वाचायला सोपं होईलच असं नाही.

इतिहासाला याने धक्का लागत नाही, कमिटमध्ये, म्हणजे गिटने जपलेल्या नोंदीत, डिफ साठवलेला नसतोच. मात्र ब्राउझरमधल्या रिव्ह्यूला तुझ्या लॅपटॉपचं सेटिंग लागू होत नाही, तिथे जुनंच दिसलं तर मला फोन करू नकोस.